दाब उतरवताना

एन्सिओ ठेवून गेला ते
फाटकाशी, ट्रेलरवर, ताडपत्री पांघरून.
हॉर्न नाही, हाक नाही.
रात्रीच्या पातळ बर्फात टायरांचे दोन पट्टे,
आलेले
आणि वळून गेलेले.

उन्हाळाभर प्रेशर वॉशर त्याच्याकडे, हिवाळाभर माझ्याकडे.
त्याच्या शेडला भिंती तीनच,
माझ्या गॅरेजला निदान दार आहे.
बाबांचं स्प्रूसचं जंगल विकलं, त्याला नऊ वर्षं झाली.
एवढा एकच करार त्यातून शिल्लक राहिला.
बाकी आम्ही बोलतो ते चिकटपट्टीवर.

यंदाची पट्टी टाकीवर, सुताराच्या जाड पेन्सिलीनं:
‘हिरवा नोझल तळ्यात पडला. नवा आणलाय. गळती नाही.’

बरं. बघू.

शेवटचं एकदा चालवून इंजिन बंद करतो.
नळ बंद.
आता सगळं गप्प वाटतं, आणि माणूस फसतो तो इथंच.
इंजिन थांबलं म्हणून दाब थांबत नाही,
नळीत दबा धरून बसतो.
पिस्तुलाचा घोडा ओढायचा:
फस्सकन एक धार, मग थुंकी, मग थेंब.
तोवर एकाही सांध्याला पाना लावायचा नाही.
हे मला एन्सिओनंच शिकवलं
आणि स्वतः विसरला एकदा.
डाव्या अंगठ्यावर पांढरा व्रण आहे त्याच्या.
असावा अजून.
इतक्यात बघितला नाही.

पेट्रोल डब्यात काढतो, बर्फ उडवायच्या यंत्राला होईल.
कार्ब्युरेटरच्या वाटीतला शेवटचा घोटही.
प्लगची टोपी काढून दोरी ओढतो,
एक, दोन, खांदा कुरकुरतो, तीन,
पंप तळ्याचं पाणी ओकतो,
शेवाळाच्या वासाचं, जुलैचं.

फळीवर जुन्या पंपाचं डोकं आहे, उभं तडकलेलं.
तीन हिवाळ्यांमागे मी म्हटलं होतं, उद्या करू,
आणि रात्रीत पारा उणे एकोणीस.
पाणी गोठताना पसरतं,
पितळेची परवानगी घेत नाही.
मी पट्टीवर लिहिलं: ‘पंप गेला. चूक माझी.’
पुढच्या वेळी ताडपत्रीखाली पाकीट निघालं,
नव्या पंपाचे बरोबर निम्मे पैसे.
मोजले, आणि राग आला.
कशाचा, ते आजही नीट सांगता येणार नाही.

आता अँटीफ्रीझ. नरसाळं, वीतभर नळी,
लहान मुलांच्या सरबतासारखं गुलाबी.
दोरी ओढत राहायचं,
पलीकडून गुलाबीच बाहेर येईपर्यंत.

नोझल कॉफीच्या डब्यात: लाल, पिवळा, पांढरा, काळा,
आणि हा नवा हिरवा, इतरांपेक्षा जरा आगाऊ.

चाकं पुसायला खाली वाकलो
तेव्हा दिसला: खाचेत अडकलेला रंगाचा पापुद्रा.
निळा.
नखानं सोडवून उजेडात धरला.
खाली दुसरा, जुना थर, तोही निळा,
त्याखाली डांबर.

हा निळा या किनाऱ्यावर एकाच वस्तूला होता.
बाबांची होडी नऊ वर्षं पालथी पडून होती
एन्सिओच्या बर्चखाली, ओल्या पानांत.
मी धरूनच चाललो होतो की कुजली.

टाकीवरची पट्टी पुन्हा वाचली.
‘गळती नाही.’

कशाला?

पेन्सिल शोधली. लिहिलं:
‘गुलाबी भरलंय. मेपर्यंत दोरी ओढू नकोस.’
एवढंच लिहितो मी दरवर्षी.
मग आणखी वीतभर पट्टी फाडली
आणि बराच वेळ ती बोटालाच चिकटून राहिली.
‘वल्ही माझ्याकडे आहेत’, असं लिहिलं शेवटी.
अक्षर वाकडं आलं. राहू दे.

मे महिना सात महिने लांब आहे.
थंडीत डिंक धरत नाही, कोपरे उचलतात,
म्हणून अंगठ्यानं दाबून धरली,
जरा जास्तच वेळ.